मशीन गुणगुणतंय पण फिरेना: मोटर जळली म्हणायच्या आधी घरीच काय काय बघायचं

मागच्या पावसाळ्यात खानापूरच्या आत्तीचा फोन आला. "बाळ, मशीन नुसतं गुणगुणतंय बघ, काही केल्या फिरेना. एकजण येऊन बघून गेला, 'मोटर सुट्टैत्री' (जळलीय) म्हणाला आणि अडीच हजार सांगून गेला. देऊ काय?" म्हटलं थांब आत्ती, रविवारी येतो. मी चार वर्षं बेळगावात उद्यमबागेत रिवायंडिंगच्या, म्हणजे मोटरीतली जळकी तार काढून नवीन भरायच्या दुकानात काढलीत, त्यामुळं मोटर जळली हे वाक्य मी वास घेतल्याशिवाय मानत नाही. गेलो, मागचा पत्रा उघडला, तर कंडेन्सर (मोटरला फिरायला लावणारी छोटी डबी) फुगून पोट पुढं आलेला आणि खालून मेणासारखं काहीतरी गळून वाळलेलं. मोटर ठणठणीत. दीडशे रुपयांचा कंडेन्सर घातला, मशीन फिरलं. वीस मिनिटांचं काम, त्यातली पंधरा मिनिटं एका गंजक्या स्क्रूनं खाल्ली.

तेव्हापासून पाहुण्यांत कुणाचं मशीन बसलं की फोन मलाच येतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ज्यांनी कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही त्यांनाही जमेल असं लिहितोय, आणि जिथं थांबायचं तिथं थांबा म्हणून पण सांगणार आहे.

आधी तुमचं मशीन कुठलं ते बघा. दोन टब असलेलं, एका बाजूला धुवायचं आणि दुसऱ्या बाजूला ड्रायर, ते सेमी ऑटोमॅटिक. आमच्या भागात अजून घरोघरी हेच आहे, कारण नळाला पाणी रोज येत नाही आणि याला बादलीनं पाणी घालता येतं. यात दोन वेगवेगळ्या मोटरी असतात, एक धुवायची आणि एक ड्रायरची. हे लक्षात ठेवा, कारण ड्रायर चालतोय आणि धुवायचं बंद आहे (किंवा उलटं) म्हणजे निम्मा शोध तिथंच लागला, वीज घरात येतेय आणि पिनही ठीक आहे. वरून कपडे घालायचं एका टबचं ते टॉप लोड आणि पुढून काचेचं दार असलेलं ते फ्रंट लोड, त्यांचं शेवटी थोडक्यात सांगतो. बाकी सगळं सेमीबद्दल.

आता पहिली गोष्ट, आणि ही वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. पिन काढायची. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही. काही जुन्या घरांत वायरिंग करणाऱ्यानं स्विच फेजवर न घालता न्यूट्रलवर घातलेला असतो, मग स्विच बंद असला तरी मशीनच्या आत करंट असतोच. म्हणून पिन सॉकेटातून बाहेर काढायची आणि डोळ्यांना दिसेल अशी मशीनवर ठेवायची, नाहीतर घरातलं कोणतरी "अरे पिन निघालीय की" म्हणून परत घालतंय. टबातलं पाणी सगळं सोडून द्या, मशीन मोरीतनं किंवा परसातनं कोरड्या जागेवर ओढा, पायात चप्पल घाला.

दुसरी गोष्ट म्हणजे कंडेन्सर. पिन काढली तरी त्यात करंट साठून राहू शकतो. दुकानात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी असा एक बाजूला ठेवलेला कंडेन्सर उचलला आणि तो माझ्या हातातनं उडून समोरच्या भिंतीला लागला, मी पण मागं बसलो. मालक हसत होते. तर त्याच्या दोन टोकांना हात लावायच्या आधी होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा पिवळा बल्ब घ्यायचा (एलईडी नको, जुना काचेचा फिलामेंटचा) आणि त्या दोन वायरींची टोकं कंडेन्सरच्या दोन टोकांना दोन-चार सेकंद लावून धरायची, वायरींना हात प्लास्टिकवरच ठेवायचा. साठलेला करंट बल्बमधून निघून जातो. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढायची पद्धत सगळेच करतात, मीही केलीय, पण नवख्यानं करू नये.

सामान काय लागतंय म्हणाल तर चार पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर, एक १० नंबरचा आणि एक १२ नंबरचा पाना, तो बल्ब, बॅटरी नाहीतर मोबाईलचा टॉर्च, आणि जमलं तर मल्टीमीटर. मल्टीमीटर घेताना कंडेन्सर मोजणारा घ्या, थोडे पैसे जास्त पडतात पण त्यावरच सगळा खेळ आहे.

आता सुरुवात बाहेरूनच करायची. सरळ मागचा पत्रा उघडायला जाऊ नका.

त्याच सॉकेटात इस्त्री लावून बघा. टेस्टर पेटला म्हणजे वीज आहे असं समजू नका, टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल तुटलेला असेल तर टेस्टर मस्त पेटतो आणि मशीन मेलेलं असतंय. इस्त्री गरम झाली तर सॉकेट ठीक. पिनेचा पाय काळा पडलाय का, सॉकेटाभोवती प्लास्टिक पिवळं झालंय का ते बघा, ढिल्या सॉकेटात पिन तापून आत जळते. एक्स्टेन्शन बोर्डवर मशीन चालवत असाल तर ते आधी काढा. सगळ्या घरातच वीज नीट नसेल, मीटरच्या पलीकडं, खांबाच्या बाजूला काही झालं असेल तर ते हेस्कॉमचं, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीचं काम, १९१२ ला फोन करायचा, खांबाखाली उभं राहून आपलं डोकं चालवायचं नाही.

व्होल्टेज पण बघा. घरात २३० व्होल्ट यायला पाहिजे. ते १८० च्या आसपास उतरलं की मोटर गुणगुणते, फिरायला जोर करते आणि फिरत नाही, कारण या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गात उतरतो. २३० च्या जागी १८४ आलं म्हणजे व्होल्टेज २० टक्केच कमी झालं, पण जोर राहिला ६४ टक्के. पूर्वी पिवळा बल्ब मिणमिणला की कळायचं, आता एलईडी शेवटपर्यंत लख्ख जळतो त्यामुळं घरात कुणाला पत्ताच लागत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा असतो तो बघा, नसेल तर पंखा नेहमीपेक्षा हळू आहे का बघा. ज्या वेळेला सगळ्या गल्लीतले पाण्याचे पंप चालू असतात त्या वेळेला मशीन लावून "मोटर गेली" म्हणू नका, रात्री नाहीतर दुपारी एकदा लावून बघा.

आणि एक गंमत सांगतो. सेमीचा टायमर स्प्रिंगवर चालतो, घड्याळासारखी किल्ली असते त्यात. पिन काढलेली असली तरी तो टिकटिक करतोच. "टायमर चालतोय पण मशीन फिरेना, म्हणजे मोटरच गेली" असं मला निदान दहा जणांनी सांगितलंय. टिकटिकीचा आणि विजेचा काही संबंध नाही. सौम्य-जोरात निवडायचा नॉब मधेच अर्धवट राहिलाय का तेही बघा, तसं असलं तरी मशीन गप्प बसतं.

इथपर्यंत ठीक असेल तर आता कान लावायचा. टबात गुडघ्याएवढं नको, चार बोटं पाणी घाला, कपडे नकोत, पिन लावा, टायमर फिरवा आणि ऐका, आठ-दहा सेकंद बस, त्यापेक्षा जास्त वेळ गुणगुणत ठेवलं तर चांगली मोटर पण तापून जाईल.

काहीच आवाज नाही, एकदम शांत: वीज मोटरपर्यंत पोचत नाही. वायर, टायमर, उंदीर, किंवा मोटरच्या आत असलेला गरमीचा कटआऊट (मोटर तापली की वीज तोडणारा).

गुणगुणतंय पण फिरत नाही: कंडेन्सर, किंवा काहीतरी अडकलंय, किंवा व्होल्टेज. जळालेल्या मोटरीत पण असा आवाज येतो, पण तो यादीत शेवटचा.

मोटर फिरल्याचा आवाज स्वच्छ येतोय पण टबातली चक्री फिरेना: मोटर चांगली आहे, बेल्ट सुटलाय नाहीतर तुटलाय, किंवा चक्रीचे आतले दाते झिजलेत, नाहीतर गिअरबॉक्स.

एकाच बाजूला फिरतंय, उलटं फिरेना: ही मोटर नाही, टायमर आहे. कारण पुढं सांगतो.

दहा मिनिटं चालतंय, बंद पडतंय, तासाभरानं परत चालतंय: मोटर तापतेय. आतला कटआऊट तिला वाचवतोय. का तापतेय ते शोधायचं.

जळका वास, धूर, किंवा एमसीबी पडतोय, अंगाला झिणझिण्या येतात: लगेच पिन काढा आणि परत लावून बघू नका. "एकदा अजून बघूया" म्हणून लावणारे लोक मला माहीत आहेत, एका घरात मोरीच्या ओल्या फरशीवर काकूंना असा झटका बसला की दोन दिवस हात दुखत होता. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो आधीच पडतो, नसेल तर अर्थिंग तरी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, मशीनच्या आधी ते.

आता हातानं फिरवून बघायचं, पिन काढूनच. आधी ड्रायर, कारण त्याची परीक्षा अगदी सोपी आहे आणि कुणी करत नाही. झाकण बंद असताना ड्रायरच्या टबाचा ब्रेक सुटतो आणि उघडल्यावर लागतो, ते काम एक तार करते, सायकलच्या ब्रेकसारखीच. मशीन पुढं ओढून, मागचा पत्रा काढल्यावर खालचा ब्रेकचा ड्रम दिसतो, कुणालातरी झाकण बंद करायला सांगा आणि ड्रम हातानं फिरवा, अलगद फिरला पाहिजे. झाकण उघडलं की तो धरला पाहिजे. झाकण बंद असूनही घट्ट असेल तर तार ढिली झालीय किंवा तुटलीय आणि ब्रेकचा बूट ड्रमला चिकटूनच बसलाय. मोटर बिचारी ब्रेक दाबलेल्या गाडीसारखी जोर करते, गुणगुणते आणि तापते. तार आवळली की झालं. या एका तारेपायी किती ड्रायर मोटरी लोकांनी बदलल्या असतील, देव जाणे.

मग धुवायच्या टबातली चक्री हातानं दोन्हीकडं फिरवा. किरकिर, अडल्यासारखं लागलं तर मधलं प्लास्टिकचं टोपण काढा, खाली एक स्क्रू असतो तो काढा. चक्री वर येत नाही, साबणाचा आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थर बसलेला असतो. तिथं स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नका, टब फुटतो. परकराची नाडी घ्या, चक्रीच्या कडेखालनं दोन बाजूंनी घाला आणि दोन्ही टोकं एकदम वर ओढा. खाली काय सापडेल सांगता येत नाही. ब्लाऊजचे हूक, सेफ्टी पिना, नाणी, एकदा एका घरात नातवाच्या खेळण्यातली गोटी. हे सगळं चक्रीखाली अडकलं की मोटर गुणगुणतेच.

आता मागचा पत्रा, ड्रायर बघताना काढला नसेल तर. सहा-आठ स्क्रू असतात. काढल्यावर हात घालायच्या आधी मोबाईलवर चार-पाच फोटो काढा, सगळ्या बाजूनं, वायरींचे रंग दिसतील असे. रंगावर माझा भरवसा नाही, कंपनीगणिक वेगळे असतात, फोटोवर आहे. काढाल त्या वायरीला कागदी टेपचा तुकडा लावून नंबर घाला.

पहिल्यांदा नाक आणि डोळे वापरा. आमच्याकडं पावसाळ्यात उंदीर घरात येतात आणि सेमीचा खालचा भाग उघडाच असतो, त्यांच्यासाठी तो बंगलाच. वडगावात एका घरात पत्रा उघडला तर मोटरच्या शेजारी साडीच्या काठाच्या चिंध्या, शेंगांची टरफलं, असं सगळं घरटं, आणि वायरींचं प्लास्टिक कुरतडून तांबं उघडं. त्या वहिनी मशीनला मोटर गेली म्हणून नवीन घ्यायला निघाल्या होत्या. दोन वायरी जोडल्या, स्लीव्ह घातली, खाली जाळी ठोकली. जोड देताना नुसती पिळून टेप लावू नका, ओल्या जागेत तो टेप सहा महिन्यांत सुटतो, कनेक्टर घाला आणि तो वरच्या बाजूला बांधा, पाणी साठेल तिथं नको.

बेल्ट बघा. मोटरच्या छोट्या पुलीवरनं मोठ्या पुलीवर जातो. पुलीखाली पत्र्यावर काळी पूड सांडलेली दिसली तर बेल्ट घसरतोय. मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच आत जावा. लोंबत असेल तर मोटरचे बोल्ट थोडे सैल करा, त्यांची भोकं लांबट असतात, मोटर मागं ओढा आणि आवळा. फार ताणू नका, ताणलेला बेल्ट बेअरिंग खातो. नवीन घेताना जुन्या बेल्टवर छापलेला नंबर दुकानदाराला वाचून दाखवा, नंबर पुसला असेल तर जुना बेल्टच खिशात घालून न्या. अंदाजे आणलेला बेल्ट कधीच बसत नाही.

बेल्ट काढलाच आहे तर मोटरची पुली बोटानं फिरवा. तेल लावल्यासारखी फिरली पाहिजे. खरखर लागली, किंवा वरखाली हलली, तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. ते वायंडिंगच्या दुकानात थोड्या पैशात बदलून मिळतं, त्यासाठी मोटर नवीन नको. अजिबातच फिरेना तर गंजून जाम झालीय.

आता कंडेन्सर. दुकानात कंडेन्सर म्हणा, कपॅसिटर म्हणा, दोन्ही चालतं. या मोटरला एकट्या वायंडिंगवर (आतल्या तारेच्या वेटोळ्यांवर) सुरू होता येत नाही. एक वायंडिंग सरळ विजेवर आणि दुसरं कंडेन्सरमधून, त्यानं दुसऱ्यातला करंट थोडा पुढं सरकतो आणि त्या फरकामुळं फिरणारा ओढा तयार होतो. कंडेन्सर मेला की दोन्ही वायंडिंगचा मेळ जातो, मोटर जागच्या जागी थरथरते. शेतात सिंगल फेजची पंपाची मोटर असते किंवा घरात माग असतो त्यांना हे सांगायलाच नको, तिथं पण हेच होतं, आणि तिथं कुणी पहिल्याच फटक्यात मोटर बदलत नाही. मशीन आलं की मात्र बदलतात, कारण ते पांढऱ्या डब्यात बंद असतं.

सेमीत बहुतेक वेळा एकाच चौकोनी काळ्या नाहीतर पांढऱ्या डबीत दोन कंडेन्सर असतात. धुवायच्या मोटरचा १० मायक्रोफॅरडच्या आसपास, ड्रायरचा ५-६ च्या आसपास, वर लिहिलेलं असतं, त्यासोबत ४०० नाहीतर ४५० व्होल्ट असा आकडा. बल्ब लावून रिकामा करा, वायरी काढा, मल्टीमीटरवर मोजा. लिहिलेल्या आकड्याच्या पाच टक्के इकडंतिकडं चालतं. १० चा ९.६ दाखवत असेल तर चांगला आहे, ६ दाखवत असेल तर तो दिसायला धडधाकट असला तरी मेलेला. हा कमजोर झालेला कंडेन्सर फार फसवतो. रिकामं मशीन फिरतं, कपडे घातले की बसतं, मोटर तापते, कटआऊट उडतो, आणि सगळे मोटरच्या नावानं शंख करतात. मीटर नसेल तर काढून दुकानात न्या, तिथं मोजून देतात.

नवीन घेताना मायक्रोफॅरड तोच पाहिजे. व्होल्ट तेवढाच किंवा जास्त चालेल, कमी नको. "जरा मोठा घाला, मशीन जोरात फिरेल" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, जास्त मायक्रोफॅरडनं वायंडिंग तापतं, जोर काही तेवढा वाढत नाही. सगळ्यात स्वस्त पण घेऊ नका, वीस-तीस रुपयांसाठी परत पुढच्या वर्षी पत्रा उघडावा लागतो.

कंडेन्सर चांगला निघाला तर मग मोटर मोजायची. मल्टीमीटर ओमवर लावा, २०० चा पॉइंट. धुवायच्या मोटरमधून तीन वायरी येतात. त्यांना टायमर आणि कंडेन्सरपासून सोडवा आणि दोन-दोनच्या जोड्या करून तीन वेळा मोजा, कागदावर लिहा. आत्तीच्या मोटरला आले २८, २८ आणि ५६. असंच यायला पाहिजे, दोन सारखे आणि तिसरा त्यांची बेरीज. ज्या दोघांमध्ये बेरीज येते त्या दोन टोकांच्या, उरलेली तिसरी कॉमन. तुमचा आकडा २८ च असला पाहिजे असं नाही, मोटरगणिक बदलतो, नातं तेच राहिलं पाहिजे. ही मोटर दोन्ही बाजूंनी फिरवायची असते म्हणून तिची दोन्ही वायंडिंग सारखी केलेली असतात, टायमर कधी याला तर कधी त्याला सरळ वीज देतो. ड्रायरची मोटर एकाच बाजूला फिरते त्यामुळं तिथं दोन आकडे वेगळे येतात, घाबरू नका, बेरीज मात्र जमली पाहिजे.

एखाद्या जोडीला मीटर काहीच दाखवत नसेल तर वायंडिंग तुटलंय किंवा आतला कटआऊट उघडलाय. मोटर गरम असेल तर तासभर थंड होऊ द्या आणि परत मोजा. काही मोटरींत परत जुळणारा कटआऊट असतो, काहींत एकदाच जळणारा फ्यूज असतो, तो वायंडिंगवर टेपखाली बांधलेला असतो. तो गेला तर वायंडिंगवाला त्याच डिग्रीचा दुसरा घालून देतो. "काढून सरळ जोडून देतो" म्हणाला तर नको म्हणा. तो फ्यूज घर जळू नये म्हणून आहे.

दोन सारखे यायच्या जागी २८ आणि १२ असे आले तर आत वेटोळी एकमेकांना चिकटलीत, म्हणजे खरंच जळलीय. शेवटी मीटर सगळ्यात मोठ्या ओमवर लावून एक टोक वायरीला आणि दुसरं मोटरच्या उघड्या लोखंडाला (रंग खरवडून) लावा. काहीही दाखवायला नको. आकडा आला म्हणजे करंट बॉडीत उतरतोय, ती मोटर परत चालू करायची नाही. इथं एक सांगतो, साधा मीटर थोड्या व्होल्टवर मोजतो, त्यामुळं दमट पावसाळ्यातला बारीक लीक त्यात सुटू शकतो. मशीन झटका देतंय आणि मीटर गप्प आहे असं असेल तर मोटर वायंडिंगच्या दुकानात नेऊन मेगर (असा बारीक लीक पकडणारा मीटर) लावून घ्या, ५०० व्होल्टवर बघतात, एक मेगाओमच्या खाली आली तर ती वाळवावी लागते नाहीतर भरावी लागते.

एका बाजूलाच फिरणारं मशीन राहिलं. वर वाचलंत की मोटर दोन्ही बाजूंना तीच दोन वायंडिंग आणि तोच कंडेन्सर वापरते. त्यातलं काहीही गेलं तर ती दोन्हीकडं बसते. एकीकडं फिरते म्हणजे ते सगळं जिवंत आहे, टायमरमधला एक कॉन्टॅक्ट काळा पडलाय किंवा तिकडची एक वायर सुटलीय. तपासायला मजा येते. पिन बाहेर, टायमरमधून मोटरकडं जाणाऱ्या दोन वायरी आणि त्यांना वीज देणारी एक ओळखा, मीटर बीपवर लावा, एक टोक वीज देणाऱ्या वायरीवर धरून दुसरं पहिल्या वायरीवर, आणि टायमर फिरवून सोडा. टिकटिक, बीप, थोडा वेळ शांत, परत बीप. मग दुसऱ्या वायरीवर धरा. तिथं बीप येतच नसेल तर टायमर बदला. पॉलिश पेपर घासून चालवता येतो, पण तो महिना-दोन महिनेच टिकतो.

ड्रायरच्या मोटरीबद्दल जरा जास्त सांगायचंय, कारण आमच्या भागातल्या निम्म्या ड्रायर मोटरी पाण्यानं मरतात असं माझं मत आहे. ही मोटर बरोबर टबाच्या खाली उभी असते, मध्ये बेल्ट नाही, टबाचा दांडा सरळ मोटरला, मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे. त्या दांड्याभोवती एक रबराचा सील असतो, घड्या घातलेला. तो चिरला की पिळलेलं पाणी थेंबथेंब मोटरच्या डोक्यावर. मोटरच्या वरच्या बाजूला गंजाचे ओघळ आणि पांढरी खारट बुरशी दिसली की समजायचं. नुसती मोटर बदलून सील तसाच ठेवला तर नवीन मोटर पण त्याच वाटेनं जाणार, आणि तीच चूक लोक करतात. तपासायला पिन काढलेली असतानाच मोटरवर कोरडा कागद टाका, ड्रायरच्या टबात दोन तांबे पाणी ओता आणि टॉर्च धरून पाच मिनिटं बघत बसा. कागदावर डाग पडला तर सील बदला. त्याच वेळी मोटरखालचे तीन रबरी पाय आणि स्प्रिंगा पण बघा, एक बसका झाला की टब धडाधड आपटतो.

झाकणाखालचा छोटा स्विच पण विसरू नका, ड्रायर एकदम शांत असेल तर बऱ्याचदा तोच दमटपणानं चिकटलेला असतो.

मोटर खरोखर गेली असं ठरलं तर नवीन की रिवायंडिंग? वायंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं ते दुकानदाराला खरवडून दाखवायला सांगा. जुनी तांब्याची असेल तर मी भरून घेईन, ॲल्युमिनियमची असेल तर नवीन घेईन. नवीन घेताना जुनी मोटर बरोबर न्या, दांड्याची लांबी, जाडी आणि पायांची भोकं जुळली पाहिजेत, आणि वायरी जोडताना ते फोटो.

फ्रंट लोडच्या जुन्या मोटरींत कार्बन ब्रश असतात, झिजून बोटाच्या पेराच्या निम्मे राहिले की मोटर अडखळते, ठिणग्या उडतात. दोन्ही एकदम बदलायचे, एकच नाही. इन्व्हर्टर म्हणून विकतात त्या टॉप लोड नाहीतर फ्रंट लोड मशीनमध्ये ब्रश नसतात, कंडेन्सरचा पण हा खेळ नसतो, बोर्ड मोटर चालवतो. तिथं नवख्यानं सॉकेट, पाण्याचा नळ, दाराचं लॉक आणि स्क्रीनवर आलेला एरर एवढंच बघायचं, बोर्डाला हात लावायचा नाही, त्यात पिन काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास साठलेलं असतं. आणि पैसे द्यायच्या आधी वॉरंटी कार्ड शोधा, बऱ्याच कंपन्या मोटरवर वेगळी १० वर्षांची वॉरंटी देतात, आपण दोन वर्षांची समजून कपाटात टाकलेली असते.

सगळं जोडून झालं की पत्रा लावायच्या आधी फोटो काढून जुन्याशी ताडून बघा, कुठली वायर पुलीला घासत नाही ना, मोबाईल, पाना आत राहिला नाही ना (हसू नका, माझा टेस्टर एका मशीनमध्ये दोन महिने होता). पत्रा आवळा, मगच पिन. पहिले पाच मिनिटं नुसत्या पाण्यावर चालवा, दोन्हीकडं फिरतंय का मोजा, मग पिन काढून मोटरवर हाताची पालथी बाजू ठेवा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर परत कंडेन्सर आणि बेल्ट बघा. मग थोडे कपडे घाला. आत्तीला मी हे सगळं सांगून निघालो, बस स्टँडवर पोचलो तोवर फोन, "परत गुणगुणायलंय रे." विचारलं काय घातलंस? म्हणाली, वाकळ.